आल्प्समध्ये नऊ दिवस: बालेकिल्ला सोडा, माची धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा, नऊ दिवस. झुरिकला उतरायचे आणि तिथूनच परतायचे. माणसे चार, त्यांत सत्तरीतले आई-वडील, आईंचे गुडघे दुखरे. गाडी चालवायची नाही, सगळा प्रवास रेल्वेने. यादीत युंगफ्राउयोख, टिटलिस, झेरमाट, शामोनी, डोलोमाइट्स आणि हालश्टाट. यांतले काय ठेवावे, काय गाळावे?

आधी उत्तर, मग कारणे. युंगफ्राउजवळच्या वेंगेन गावात चार रात्री, झेरमाटला दोन, लुत्सर्नला दोन. युंगफ्राउचा परिसर ठेवा, पण वर योखपर्यंत जाणे रद्द करा. टिटलिस ऐच्छिक. फ्रान्समधले शामोनी, इटलीतले डोलोमाइट्स आणि ऑस्ट्रियातले हालश्टाट या खेपेला नकोत.

अशा याद्या बहुतेक वेळा शिखरांच्या होतात, आणि घोळ तिथेच होतो. शिखरावर पोहोचले की ते शिखर दिसत नाही. किल्ले फिरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको: राजगडाचा बालेकिल्ला पाहायचा तर संजीवनी किंवा सुवेळा माचीवर जावे लागते. आल्प्समध्येही डोळ्यांत भरते ते दृश्य माचीवरून दिसते, म्हणजे १,३०० ते २,५०० मीटरवरच्या, मोठ्या शिखरांच्या अगदी समोरच्या सपाटीवरून. अशा सपाट्या तिथे भरपूर आहेत, कारण हिमनद्यांनी दऱ्या खोल कोरून काढल्या आणि कड्यांच्या वर दोन्ही बाजूंना रुंद खांदे शिल्लक राहिले. वेंगेन (१,२७४ मीटर) आणि म्युरेन (१,६३८ मीटर) ही दोन्ही गावे अशाच खांद्यांवर वसली आहेत. म्युरेन म्हणजे उंचीने जवळजवळ आपले कळसूबाई. फरक एवढाच की कळसूबाईवर पोहोचलो की वर काही उरत नाही आणि म्युरेनच्या बाकावर बसले की समोर आणखी अडीच किलोमीटर उंच भिंत उभी असते.

युंगफ्राउयोखचे (३,४५४ मीटर) आकर्षण समजण्यासारखे आहे. १९१२ साली सुरू झालेली ती रेल्वे म्हणजे अभियांत्रिकीचा चमत्कार आहे, आणि आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी, आलेच, तिथून उगमाजवळ पाहता येते. पण हिशेब मांडून बघा. शेवटच्या नऊ किलोमीटरच्या मार्गापैकी सुमारे सात किलोमीटर बोगदा आहे, त्यामुळे बराच वेळ खिडकीबाहेर काळोख असतो. हंगामात इंटरलाकेनहून जाऊन-येऊन पूर्ण भाडे माणशी २०० फ्रँकच्या वर जाते, आणि स्विस ट्रॅव्हल पासवर (रेल्वे, बोटी यांचा ठरावीक दिवसांचा एकत्रित पास) वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डच्या पुढच्या भाड्यात फक्त २५ टक्के सूट मिळते. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. गाडी इतक्या पटकन वर नेते की शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. धडधाकट तरुणांचेही तिथे डोके जड होते, मग सत्तरीतल्या माणसांना जिने चढताना धाप लागली तर नवल नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणखी एक अडचण कमी लोकांच्या लक्षात येते. उन्हाळी हंगामात योखसाठी आसन राखून ठेवावे लागते, म्हणजे दिवस आणि वेळ आधीच ठरते. आल्प्समध्ये ढगांना तुमचे आरक्षण ठाऊक नसते. ढगांत सापडलात तर समोर पांढरा पडदा, आणि पैसे बहुधा परत मिळत नाहीत. झेरमाटजवळचे गॉर्नरग्राट (३,०८९ मीटर) ही उणीव भरून काढते. १८९८ पासून चालणारी ही दंतुर रुळांची (मधल्या दातेरी पट्टीला चाक अडकवून चढणारी) गाडी जवळजवळ सगळा वेळ उघड्यावरून चढते, झेरमाटहून ३३ मिनिटांत वर नेते, आणि समोर मॅटरहॉर्न (४,४७८ मीटर) व खाली गॉर्नर हिमनदी दोन्ही दिसतात. पासवर भाडे निम्मे पडते. योख आणि गॉर्नरग्राट यांपैकी एकच करायचे असेल तर गॉर्नरग्राट.

वेंगेनच का

बहुतेक जण लाउटरब्रुनेनला मुक्काम करतात, कारण फोटो तिथले असतात. दरी सुंदर आहेच. ७२ धबधबे असल्याचे सांगतात, आणि श्टाउबबाख जवळजवळ ३०० मीटर उंचीवरून गावाशेजारीच कोसळतो. पण कडे इतके उभे आहेत की शरद ऋतूत दरीच्या तळाला ऊन उशिरा येते आणि लवकर जाते. वेंगेन वरच्या खांद्यावर पश्चिमेकडे तोंड करून बसले आहे, त्यामुळे संध्याकाळचे ऊन तिथे रेंगाळते आणि युंगफ्राउवरचा शेवटचा उजेड बाल्कनीतून दिसतो. लाउटरब्रुनेनहून दंतुर गाडीने पंधरा मिनिटांच्या आत तुम्ही वर असता. सामान घेऊन जायला म्युरेनपेक्षा हे सोपे, कारण म्युरेनला आधी केबल कार, मग छोटी गाडी अशी दोनदा चढ-उतर करावी लागते. दोन्ही गावांत खासगी मोटारी नाहीत. स्टेशनपासून चढण नसलेले हॉटेल निवडा. 'स्टेशनपासून ३०० मीटर' असे लिहिलेले असले तरी नकाशावर उंचीच्या रेषा बघा, कारण त्या तीनशे मीटरांत चाळीस मीटरचा चढ असू शकतो.

इथल्या तीन पूर्ण दिवसांची नावे ठरवा, क्रम ठरवू नका. पहिले नाव मेनलिखेन. वेंगेनहून केबल कारने २,२३० मीटरवर जायचे आणि तिथून क्लाइन शायडेगपर्यंत (२,०६१ मीटर) चालायचे. साडेचार किलोमीटरची रुंद, हलक्या उताराची वाट आहे. दीड तास धरतात, आईंना अडीच धरा. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ हे त्रिकूट पूर्ण वेळ समोर असते. उतार थोडा असला तरी दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतारच नडतो, म्हणून दोन काठ्या न्या. ते जमणार नसेल तर त्यांना थेट गाडीने शायडेगला पाठवा आणि तिथे भेटा. आयगरची उत्तर भिंत दुपारपर्यंत सावलीत असते. तिच्यावर तिरपे ऊन हवे तर ही फेरी दुपारी काढा.

दुसरे नाव म्युरेन. त्रिकूट तिथून पूर्वेला येते. सकाळी गेलात तर सूर्य शिखरांच्या मागे असतो आणि फोटोत काळ्या आकृत्यांखेरीज काही येत नाही. जेवून जा, चारच्या पुढे सगळी भिंत उजळलेली मिळेल. ग्र्युचआल्प ते म्युरेन ही वाट गाडीच्या रुळांना लागून जाते आणि जवळजवळ सपाट आहे. मध्ये विंटरएग हे स्टेशन लागते, थकवा आला तर तिथून गाडी पकडायची. पास म्युरेनपर्यंत पूर्ण चालतो. त्याच्या वर शिल्टहॉर्नला (२,९७० मीटर) निम्मे भाडे पडते. माझ्या मते म्युरेनवरच थांबा. वर गेल्यावर भिंत जवळ येत नाही, फक्त बुटकी दिसू लागते.

तिसरे नाव पावसाच्या दिवसासाठी. ट्र्युमेलबाखच्या दहा धबधब्यांचे पाणी डोंगराच्या पोटातून जाते. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउच्या हिमनद्यांचे ते पाणी ऐन उन्हाळ्यात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत वाहते, आणि पाऊस पडत असला तरी काही बिघडत नाही. आत लिफ्ट आहे, पण ती सोडल्यावर ओल्या दगडी पायऱ्या आहेत. आईंनी लिफ्टजवळचे टप्पे पाहून परतावे. नाहीतर ब्रिएंत्स तलावाची बोट घ्या, पासवर ती मोफत आहे. वाटेत गीसबाखला उतरता येते. ढग खाली आले की तलाव जास्त खुलतात, त्यामुळे हा दिवस वाया गेला असे वाटणार नाही.

सकाळचे दहा मिनिटांचे काम

रोज सकाळी न्याहारीआधी दोन कॅमेरे उघडा: एक दोन हजार मीटरच्या आसपासचा, एक तीन हजारांच्या वरचा. इथल्या जवळजवळ प्रत्येक केबल कारच्या संकेतस्थळावर चालू चित्र दिसते. सोबत मेटिओस्विस या स्विस हवामान खात्याचे ॲप ठेवा. खिडकीबाहेर धुके, दोन हजारांवर करडे, पण तीन हजारांवर लख्ख ऊन असेल तर बिनधास्त वर जा, ढगांचा समुद्र पायाखाली मिळेल. खाली ऊन पण वर करडे असेल तर वरचे तिकीट काढू नका, खांद्यावरच राहा. दोन्हीकडे करडे असेल तर पावसाच्या दिवसासाठी ठेवलेले तिसरे नाव निवडा. फोनवरचे सूर्याचे चिन्ह दरीतल्या गावासाठी असते, त्यावर शिखराचा निर्णय घेऊ नका. लोक नेमकी हीच चूक करतात आणि मग 'वेबसाइटवर तर ऊन दाखवत होते' असे म्हणत परततात.

वाऱ्याचेही बघा. दक्षिणेकडून फ्योन नावाचा कोरडा, ऊबदार वारा सुटला की उत्तरेच्या दऱ्यांत हवा काचेसारखी स्वच्छ होते आणि शिखरे हाताला लागतील अशी वाटतात. पण त्याच वाऱ्याने केबल कार बंद पडतात. दंतुर गाड्या मात्र सहसा चालू राहतात. मेनलिखेनची केबल बंद असेल तर शायडेगची गाडी धरा.

कपड्यांसाठी साधा हिशेब: हजार मीटरमागे साडेसहा अंश कमी. वेंगेनला १५ अंश असतील तर गॉर्नरग्राटला तीन-चारच धरा, वर वारा वेगळा. एकच जाड कोट नेण्यापेक्षा पातळ लोकरी आणि वर वारा अडवणारे जाकीट असे थर बरे. उन्हाच्या चष्म्याशिवाय बर्फाकडे पाहू नका.

झेरमाट

इंटरलाकेनहून श्पीत्स आणि फिस्प या दोन ठिकाणी गाडी बदलून सव्वादोन तासांत झेरमाटला पोहोचता. वेंगेनहून निघाल्यास त्यात तासभर मिळवा. ही दरी पर्जन्यछायेत आहे. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर भिजते आणि माण-खटाव कोरडे राहते, तसाच हा प्रकार. भोवतीच्या उंच रांगा ढग अडवतात आणि फिस्पच्या आसपासचा पट्टा स्वित्झर्लंडमधल्या सर्वांत कोरड्या भागांत मोडतो. म्हणून वेंगेनला पाऊस असताना झेरमाटला ऊन, असे बऱ्याचदा होते. तरीही दोन रात्री हव्यातच. एका रात्रीत मिळते एकच सकाळ, आणि मॅटरहॉर्नचे सगळे सकाळीच असते.

कारण असे. गॉर्नरग्राटहून आणि गावातून दिसते ती पूर्वेची बाजू, तिच्यावर ऊन सकाळी पडते. दिवस चढला की शिखराच्या आडोशाच्या बाजूला झेंड्यासारखा ढग चिकटतो आणि दुपारी तो सुटेलच असे नाही. सप्टेंबरअखेर सूर्योदय साधारण सव्वासातला होतो. सकाळच्या पहिल्या दोन-तीन गाड्यांपैकी एक धरा. वर जाताना उजव्या हाताला बसा. आधी टोकाला जा, उतरताना रोटेनबोडेन स्टेशनवर (२,८१५ मीटर) उतरा. तिथून दहा मिनिटांवर रिफेलसे हे तळे आहे, त्यात मॅटरहॉर्न उलटा दिसतो. मात्र वारा सुटला की प्रतिबिंब मोडते, आणि वारा सुटतो दहाच्या सुमारास. निव्वळ प्रतिबिंबासाठी जाणार असाल तर क्रम उलटा करा: आधी तळे, मग टोक. तळ्याची पायवाट खडकाळ आहे. आईंना स्टेशनवरून तळे वरून दिसेल, खाली उतरायचा आग्रह नको.

क्लाइन मॅटरहॉर्नची केबल कार ३,८८३ मीटरवर जाते. तुम्ही जा हवे तर, आई-वडिलांना नेऊ नका.

लुत्सर्न, की बर्निना

झेरमाटहून लुत्सर्न सव्वातीन तास. आल्प्सच्या पायथ्याचे तळे, बोटी, आणि सपाट रस्ते. आठवडाभर चढ-उतार केल्यावर गुडघे आभार मानतील. इथली माची म्हणजे रिगी (१,७९८ मीटर). फित्सनाऊहून चढणारी गाडी १८७१ ची, युरोपातली पहिली दंतुर डोंगररेल्वे. जाता बोटीने फित्सनाऊ, गाडीने वर, उतरताना दुसऱ्या बाजूने आर्थ-गोल्डाऊ आणि तिथून रेल्वेने परत. हा अख्खा फेरा पासवर एक पैसाही न देता होतो. पिलाटुस आणि टिटलिसला मात्र निम्मे भाडे द्यावे लागते.

टिटलिसबद्दल प्रामाणिक मत: देखाव्यासाठी जाऊ नका. बर्फाला हात लावायचाच असेल, आणि हा हट्ट बरेचदा आई-वडिलांचाच असतो, तर मात्र योखपेक्षा टिटलिस सोयीचे. केबल कारचे वरचे स्थानक ३,०२० मीटरवर, म्हणजे योखपेक्षा चारशे मीटर खाली. लुत्सर्नहून एंगेलबेर्ग पाऊण तास. सगळे अर्ध्या दिवसात आटोपते. सप्टेंबरअखेर गॉर्नरग्राटला पायाखाली बर्फ नसण्याचीच शक्यता जास्त, हिमनदी दुरून दिसते.

चौघांनाही रेल्वेचा नाद असेल तर लुत्सर्नऐवजी बर्निना रेल्वेमार्गावरच्या पोंत्रेसिना गावाला दोन रात्री द्या. लोक ग्लेशियर एक्सप्रेसच्या मागे असतात. झेरमाट ते सेंट मॉरिट्झ आठ तास, खिडक्या न उघडणाऱ्या, आरक्षण सक्तीचे. आठ तासांतले दोन तास अप्रतिम, बाकीचे चांगले. बर्निनाचा मार्ग खूरहून तिरानोपर्यंत चार तासांचा आहे आणि त्यात भरतीचे काही नाही: ६५ मीटर उंच लांडवासर पूल, २,२५३ मीटरवर ओस्पित्सियो बर्निना, मग दंतुर रुळांशिवाय हजारी ७० चा उतार, आणि ब्रुसिओचा स्वतःलाच वळसा घालणारा कमानी पूल. २००८ पासून हा मार्ग जागतिक वारशात आहे. काचेच्या छताच्या डब्यासाठी वेगळे शुल्क आणि आरक्षण लागते. त्याच रुळांवरून दर तासाला साधी गाडी जाते, तिला आरक्षण नको आणि बऱ्याच डब्यांच्या खिडक्या उघडतात, म्हणून फोटोत काचेची चमक येत नाही. दक्षिणेकडे जाताना उजवी बाजू. पोंत्रेसिनाहून आल्प ग्र्यूमपर्यंत (२,०९१ मीटर) जाऊन परतलात तरी सर्वांत चांगला भाग पाहून होतो. अडचण एकच: झेरमाटहून पोंत्रेसिना गाठण्यात पूर्ण दिवस जातो. सत्तरीतल्या माणसांना तो झेपेल का, हे तुम्हीच ठरवा.

जे गाळले त्यांच्याविषयी

शामोनीला झेरमाटहून मार्तिन्यीमार्गे एका बाजूने साडेतीन-चार तास लागतात. तिथली नावाजलेली एग्वी द्यु मिदीची केबल कार १,०३५ मीटरवरून ३,८४२ मीटरवर वीस मिनिटांत नेते, ती आई-वडिलांसाठी नाही. पुढे कधी गेलात तर दरीच्या पलीकडच्या अंगाला ब्रेव्हाँ किंवा फ्लेजेरला जा, माँ ब्लाँ तिथून पूर्ण दिसतो. तेही दुपारी, कारण सकाळी सूर्य त्याच्या मागे असतो.

डोलोमाइट्सला वेगळे सहा-सात दिवस द्या, व्हेनिस किंवा इन्सब्रुकहून. दगड वेगळा, फिकट डोलोमाइट, म्हणून संध्याकाळी गुलाबी-केशरी पेटतो. त्यामुळे तिथे मुक्काम डोंगरावर हवा. सकाळी येऊन चारला परतणाऱ्यांना तो रंग दिसत नाही. त्रे चिमेच्या उत्तर भिंती सूर्य कलल्यावर उजळतात, ब्राइएस तलाव मात्र भल्या सकाळी. या दोन्ही ठिकाणी ऐन हंगामात मोटारीचे आरक्षण आधी करावे लागते. आल्पे दि सिउसीच्या कुरणावर दिवसा बाहेरच्या मोटारी सोडत नाहीत, ऑर्तिसेईहून केबल कारने चढावे.

हालश्टाट गोड गाव आहे, पण लुत्सर्नहून जाण्यातच पूर्ण दिवस मोडतो, आणि तळ्याकाठचे गाव तुम्हाला ब्रिएंत्सला मिळतेच.

तिकिटे

आठ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास घ्या. तो सलग तारखांचा असतो. उतरल्या दिवशी सुरू केलात तर आठव्या दिवशी संपेल आणि नवव्या दिवशी लुत्सर्न ते झुरिक विमानतळ एवढेच तिकीट काढावे लागेल, ते तासाभराच्या प्रवासाचे. शिखरे जास्त आणि गावोगावचा प्रवास कमी असता तर हाफ फेअर कार्ड परवडले असते, कारण त्यावर डोंगरगाड्याही बहुतेक निम्म्या भाड्यात मिळतात. तुमच्या आखणीत बोटी, रिगी आणि लांबचे तीन टप्पे आहेत, पास वसूल होईल. वरची तिकिटे मात्र त्याच सकाळी, कॅमेरे पाहून, खिडकीवर काढा.

तिकीट काढतानाच परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ विचारून घ्या. सप्टेंबरमध्ये बऱ्याच केबल कार पाच-साडेपाचच्या सुमारास थांबतात, आणि मेनलिखेनवरून ती चुकली तर वेंगेनपर्यंतचा साडेनऊशे मीटरचा उतार पायी उतरावा लागेल.